स्कूबा करताना कोणते मासे दिसतात, चावतात का, वगैरे : एका लातूरकराला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरचा. आपल्या गावापासून समुद्र म्हणजे अख्खी एक रात्र लांब. मालवणला जाताना वाटेत मिरज लागतं, तेच मिरज जिथून २०१६ ला आपल्याला रेल्वेनं पाणी आलं होतं, आणि गाडीतले लोक हमखास त्याची आठवण काढतात. असल्या गावातला माणूस स्कूबा करतो, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून समुद्राच्या तळाला जाऊन मासे बघून येतो म्हटल्यावर लोकांना नवल वाटणारच, त्यामुळं लग्नात पंगतीला बसलं की बाजूचा विचारतो, सलूनमध्ये विचारतात, सासुरवाडीला तर दरवेळेस. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकायलोय. मी काही शास्त्रज्ञ नाही. तारकर्लीला सुरुवात केली, मग अंदमानला जाऊन ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स केला, बाकी वाचून आणि इन्स्ट्रक्टर लोकांचं डोकं खाऊन शिकलोय.

पोहता येत नाही. तरी चालतं का?

पहिल्या वेळेला चालतं. तारकर्ली-मालवणला जे करतात ते ट्राय डायव्ह असतं, इन्स्ट्रक्टर शेवटपर्यंत मागून धरून असतो, तुम्ही फक्त तोंडानं श्वास घ्यायचा नि बघायचं. वयाची अट साधारण १० वर्षं. दमा, हृदयाचं दुखणं, कानाचं ऑपरेशन असं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा, फॉर्मवर खोटी टिक मारू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी नकोच, कान दुखून जीव नकोसा होतो. पुढं कोर्स करायचा असेल तर मात्र २०० मीटर पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं.

उलट विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्यासारख्यांना एक वेगळाच त्रास होतो. पाठीला वाळका भोपळा बांधून शिकलो आपण, बुडी मारायची म्हणजे श्वास कोंडायचा हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं, आणि स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा, श्वास कधीच कोंडायचा नाही. कारण १० मीटर खाली दाब दुप्पट असतो, तिथं छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते, कोंडून ठेवली तर फुप्फुसाला इजा होते. मला हे अंगात मुरायला दोन दिवस लागले.

कुठं जायचं आणि कधी?

आपल्याला जवळचं म्हणजे मालवण-तारकर्ली. पावसाळ्यात सगळं बंद असतं, साधारण ऑक्टोबर ते मे चालू. मी म्हणेन नोव्हेंबर ते फेब्रुवारी जावा. त्याच्याखाली कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे, तिथं पाणी बरंच स्वच्छ असतं. आणि पैसे जमवून एकदा तरी अंदमान नाहीतर लक्षद्वीप. हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप झालंय, बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका, एकच आहे.

मालवणला खरंच मासे दिसतात का, का नुस्ती हवा?

दिसतात. पण टीव्हीवर बघून जे डोक्यात असतं ते घेऊन जाऊ नका. किनाऱ्याजवळचं पाणी आहे, गाळ असतो, चांगल्या दिवशी काही मीटर दिसतं आणि वाईट दिवशी स्वतःचे पाय. तरी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खडक आहेत, प्रवाळ आहे, त्यामुळं मासा आहे.

सगळ्यात आधी भेटतो सार्जंट मेजर. पिवळसर अंग, त्यावर पाच काळे उभे पट्टे, हवालदाराच्या बाहीवर असतात तसे, म्हणून ते नाव. हा घाबरत बिबरत काही नाही, सरळ चष्म्यासमोर येतो. मग बटरफ्लाय फिश, बशीसारखा चपटा, पिवळा-पांढरा. बऱ्याचदा जोडीनं फिरतात, आणि काही जातींना शेपटीकडं डोळ्यासारखा काळा ठिपका असतो, म्हणजे हल्ला करणारा शेपटीवर झडप घालतो आणि हा उलट्या दिशेनं पसार. खऱ्या डोळ्यावरून बऱ्याचदा काळी पट्टी गेलेली असते, तो दिसूच नये म्हणून. काय डोकं आहे बघा.

खडकाच्या कपारीत तोंड पाडून बसलेला जाडा मासा दिसला तर तो हेकरू, म्हणजे ग्रुपर. आणि लालसर स्नॅपर दिसले तर ती तांबोशी, जी तुम्ही आदल्या रात्री ताटात बघितलेली असते.

फोटोत मासे लालभडक दिसतात, मला सगळे निळे-करडेच दिसले. फसवलं का?

नाही. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खाऊन टाकतं, पाच-सहा मीटर खाली गेलं की लाल टी-शर्टसुद्धा मळकट तपकिरी दिसायला लागतो. नंतर नारंगी, मग पिवळा जातो, निळा शेवटपर्यंत टिकतो. फोटोवाले फ्लॅश नाहीतर टॉर्च मारतात म्हणून रंग येतात. अजून एक गंमत, मास्कच्या काचेमुळं पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि जवळ दिसते. त्यामुळं आमचे एक मामा वर येऊन दोन्ही हात ताणून "एवढा होता" म्हणायला लागले तेव्हा त्यांचा पूर्ण दोष नव्हता. पूर्ण नव्हता, थोडा होता.

कार्टूनमधला नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा कुठं दिसेल?

तो क्लाउनफिश, अंदमानला हमखास. लेकरांचा हा पहिला प्रश्न असतो. तो ॲनिमोन नावाच्या जिवात राहतो, जो दिसतो गवताच्या झुपक्यासारखा पण असतो प्राणी, आणि त्याच्या प्रत्येक काडीला डंख असतो. बाकीचे मासे त्यात अडकून मरतात, याच्या अंगावरच्या चिकट थरामुळं याला काही होत नाही. बदल्यात तो ॲनिमोन कुरतडणाऱ्या माशांना हाकलून लावतो. मालक-कुळ म्हणा नाहीतर मालक-वॉचमन म्हणा.

पण खरी बातमी पुढं आहे. हे सगळे जन्माला नर म्हणूनच येतात. एका ॲनिमोनमध्ये सगळ्यात मोठी ती मादी, दोन नंबरचा तिचा नवरा, बाकी बारके नुस्ते रांगेत. मादी मेली की नवरा काही आठवड्यात स्वतः मादी होतो आणि रांगेतला पुढचा नवरा होतो. अंड्यांवर पंखांनी पाणी मारत बसायचं काम मुख्यतः बापाचं. हे मी एकदा जेवणाच्या टेबलावर सांगितलं तर आमच्या तात्यांनी विषय बदलला.

खाली गेल्यावर गाईड ब्रेड देतो, मासे हातावर येतात. द्यावा का?

माझं मत स्पष्ट आहे, देऊ नये. एका ठिकाणी माझ्या हातात न विचारता बिस्किटाचा पुडा दिला, फोडला तर शंभरेक सार्जंट मेजर अंगावर, फोटो भारी आला हे कबूल. पण त्या वीस मिनिटात दुसरा एक मासा धड दिसला नाही कारण बाकीचे त्या गर्दीला भिऊन लांब. मैदा हे काही त्यांचं अन्न नाही, खडकावरचं शेवाळ आणि बारीक जीव खाणारे मासे ते, त्यांनी ते काम सोडलं की शेवाळ वाढून प्रवाळ दबतं. आणि एकदा सवय लागली की ते बोटालाही तोंड लावतात. मंदिराबाहेरच्या माकडांचं काय झालंय ते आपण बघतोच की. सरळ सांगायचं, "दादा, खायला नको टाकू, नुस्तं दाखव". ऐकतात.

शार्क आला तर?

आला तर नशीब समजा. मालवणच्या उथळ ट्राय डायव्हमध्ये तर अपेक्षाच धरू नका. कोकणात शार्कला मोरी किंवा मुशी म्हणतात आणि तिथल्या हॉटेलात मोरीचं मटण मिळतं, म्हणजे कोण कुणाला खातंय ते बघा. अंदमानला मी व्हाइटटिप रीफ शार्क बघितला, कपारीखाली वाळूवर आडवा पडलेला. शार्क थांबला की मरतो असं आपण ऐकलेलं असतं ते सगळ्यांना लागू नाही, हा पडल्या पडल्या तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडत राहतो. मी बघतोय म्हटल्यावर कंटाळून उठला आणि निघून गेला. एवढंच.

जगातला सगळ्यात मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क, नावात व्हेल असलं तरी मासाच, दहा-बारा मीटरचे सापडतात, आणि खातो काय तर पाण्यातले बारीक जीव गाळून. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मला अजून दिसला नाही. दिसला की गल्लीत पेढे वाटणार आहे.

मग भ्यायचं कशाला? विषारी कोणते?

आता हा खरा प्रश्न. लोक दात असलेल्या माशाला भितात, आणि त्रास होतो तो काट्याच्या माशाचा, जो बिचारा आपल्या जागेवर बसलेला असतो. विंचवासारखंच समजा. आपल्याकडं कडब्याच्या गंजीत हात घालताना आधी बघतो की नाही, तसं.

लायनफिश दिसायला लई देखणा, पिसारा फुलवल्यासारखे पंख, तांबडे-पांढरे पट्टे, एकदम संथ. त्याच्या अंगावर १८ विषारी काटे असतात, १३ पाठीवर, ३ शेपटीच्या अलीकडं खाली, २ पोटाशी. तो पळत नाही कारण त्याला माहीत आहे त्याला कोणी हात लावणार नाही. तुम्हीही लावू नका. तो कपारीत डोकं खाली करून लटकलेला असतो, त्यामुळं कपारीच्या कडेला धरायची सवय असेल तर मोडा.

स्टोनफिश त्याच्याहून वाईट. माशांमध्ये सगळ्यात जहाल विष याचंच, आणि हा दिसतो हुबेहूब शेवाळलेल्या दगडासारखा, अंगावर घाण चिकटलेली, तोंड वाकडं. इन्स्ट्रक्टरनं बोट दाखवून दाखवून मला दिसला तेव्हा मी मिनिटभर भलत्याच दगडाकडं बघत होतो. हे विंचू-माशांचं खानदान मोठं आहे, म्हणून तळावर उभं राहायचं नाही आणि दगड धरायचे नाहीत, हे दोन नियम पाळले तर काही होत नाही.

पाकट, म्हणजे स्टिंगरे, वाळूत स्वतःला पुरून फक्त डोळे वर ठेवतो. शेपटीवर करवतीसारखा काटा. पाय पडला तरच मारतो. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत घासत चालायचं, म्हणजे तो आधीच उठून जातो. वरून त्याच्यावर पोहायचंही नाही. टीव्हीवरचे मगरीवाले स्टीव्ह आयर्विन २००६ मध्ये पाकटाचा काटा छातीत लागूनच गेले. असं फार क्वचित होतं, पण होतं.

काटा लागलाच तर काय करायचं?

पाण्याबाहेर या आणि लागलेला भाग गरम पाण्यात बुडवा, सहन होईल इतकं गरम, साधारण ४५ अंश, अर्धा तास ते दीड तास. उष्णतेनं या विषांचा जोर कमी होतो आणि दुखणं उतरतं. उकळतं नको, आणि गरम आहे का नाही ते चांगल्या हातानं आधी बघा, दुखऱ्या हाताला कळत नाही. बर्फ नको, चिरा देऊन रक्त काढणं नको, तोंडानं ओढणं नको. मग दवाखाना. काटा खोल घुसला असेल किंवा छाती-पोटाला लागला असेल तर उपटू नका, गरम पाण्यातही वेळ घालवू नका, तसंच दवाखान्यात न्या.

एखादा मासा मुद्दाम अंगावर येतो का?

येतो. एकच नाव लक्षात ठेवा, टायटन ट्रिगरफिश. दीड-दोन फुटाचा, पिवळसर-हिरवा, तोंडात सुपारी फोडायचे दात. एरवी आपल्या कामात असतो, पण अंडी घातली की व्यालेल्या कुत्रीसारखा. वाळूत खड्डा करून अंडी घालतो आणि त्या खड्ड्यापासून वरपर्यंत, नरसाळ्यासारखी, जी जागा असते ती सगळी स्वतःची समजतो. नवशिका माणूस घाबरून वर पळतो आणि वर नरसाळं रुंद होतं, म्हणजे अजून त्याच्याच हद्दीत. आडवं निघायचं, तोंड त्याच्याकडं, पायातले फिन्स मध्ये धरून. चावायचाच झाला तर फिनला चावू दे. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या फिनवर खूण आहे, तो ती कोणालाही दाखवतो.

तोंड वासून बसलेला सापासारखा प्राणी दिसला, तो चावणार होता का?

ती मोरे ईल. साप नाही, मासाच. तोंड उघड-मीट करते ते श्वास घेण्यासाठी, कल्ल्यातून पाणी पुढं ढकलायला, आपण उगीच समजतो की दम देतेय. बिळात हात घातला तर मात्र चावेल, आणि घट्ट चावेल, कारण तिच्या घशात जबड्याची दुसरी जोडी असते, पहिल्या दातांनी धरलं की आतली जोडी पुढं येऊन शिकार आत ओढते. हे नीट उलगडून २००७ ला छापून आलं, म्हणजे परवा परवा. आपल्या गोदावरीत मिळते ती वाम वेगळी, दिसायला लांबुडकी एवढंच साम्य.

केंड माशाला टोचलं की फुगतो म्हणे, करून बघू का?

नका करू. केंड म्हणजे पफरफिश, तो घाबरला की भराभर पाणी गिळून चेंडू होतो. तुमच्यासाठी रील, त्याच्यासाठी जिवाची बाजी, फुगल्यावर त्याला धड पोहताही येत नाही. आणि खायचा तर विचारही नको, याच्या यकृतात, अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, त्यावर उतारा नाही.

किनाऱ्याची पांढरी वाळू माशाची विष्ठा आहे हे खरं का?

बऱ्याच ठिकाणी, हो! पॅरटफिश, पोपटासारखी चोच, निळा-हिरवा रंग. हा मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ दगडासकट खरवडून खातो, पाण्याखाली कान देऊन ऐकलं तर कुरुम कुरुम आवाज येतो, फुटाणे खाल्ल्यासारखा. घशातल्या जात्यात दगड दळतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. मोठा पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू काढतो. लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटांच्या पांढऱ्या वाळूत याचा मोठा हात. काही जाती रात्री झोपताना तोंडातून चिकट पदार्थ काढून स्वतःभोवती मच्छरदाणी करतात. ही मच्छरदाणी मी नाईट डायव्हला बघितली, टॉर्च लगेच बाजूला घेतला, झोपमोड कशाला.

मोठ्या माशाच्या तोंडात बारका मासा शिरताना बघितला, खाल्ला नाही. कामून?

कारण तो न्हावी होता. क्लीनर रॅस, बोटाएवढा, निळा, अंगावर काळी पट्टी. एका ठरलेल्या खडकापाशी त्याचं दुकान असतं, हेकरू वगैरे तिथं येऊन तोंड उघडून थांबतात, आणि हा दातातलं, कल्ल्यातलं, अंगावरचे परजीवी वेचून खातो. रविवारी सकाळचं सलून बघा, नंबर लावून बसलेले असतात. आणि जिथं धंदा चालतो तिथं डुप्लिकेटही येतो, एक ब्लेनी जातीचा मासा हुबेहूब असाच दिसतो, तसाच नाचत येतो आणि गिऱ्हाइकाचा लचका तोडून पळतो. एखादी डायव्ह नुस्ती या दुकानापाशी थांबून काढा. फिरत राहिलात तर दहा मासे दिसतील, थांबलात तर चाळीस.

जेलीफिश, समुद्री साप, ऑक्टोपस?

यातलं एकही मासा नाही. साप खूप विषारी पण तुमच्यात त्याला रस नाही. जेलीफिशपासून मात्र लांब.

समुद्री घोडा किंवा प्रवाळाचा तुकडा घरी आणला तर?

समुद्री घोडा कायद्यानं संरक्षित आहे, वाळलेलासुद्धा विकत घेऊ नका. प्रवाळाचा तुकडाही नाही. बाकी या घोड्यात बाळंतपण नराला, पोटाशी पिशवी असते त्यात मादी अंडी टाकून जाते. आपल्या धरणातली चिलापी तोंडात पिल्लं सांभाळते, समुद्रात कार्डिनलफिश तशीच तोंडात अंडी सांभाळतो पण तिथंही बाप, आणि तोवर उपाशी राहतो. समुद्रात बापलोकांचे हाल दिसतात एकंदरीत.

नाथसागरात डायव्हिंग करता येईल का?

पैठणला लोक मला हे दरवेळी विचारतात. गढूळ पाण्यात रोहू-कटला शेजारून गेला तरी दिसणार नाही. शिवाय खाली जाळी, झाडांची खोडं. उगीच नको.

मी माळकरी आहे. चालेल का?

का नाही चालणार, खायचं कुठं आहे? आमचे एक काका, तीस वर्षं वारी करणारे, नातवाच्या हट्टानं आले. मालवणात पोचल्यापासून नाकाला उपरणं. खाली गेले वीस मिनिटं आणि वर आल्यावर बोटीत बराच वेळ बोलेनात, आम्हाला वाटलं तब्येत बिघडली. मग म्हणाले, वास नाही रे कसलाच, आणि सगळे आपल्या आपल्या कामाला चाललेले. संध्याकाळी त्यांनी नातवाकडून त्या पट्टेवाल्याचं नाव दोनदा पाठ करून घेतलं. अजूनही ते साजण मेजर म्हणतात.

डायव्ह झाली की लगेच रात्रीच्या गाडीनं लातूरला निघालं तर?

हे कोणी विचारत नाही पण विचारायला पाहिजे. डायव्हनंतर शरीरात नायट्रोजन उरलेला असतो, लगेच उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखणं, चक्कर, मुंग्या असा त्रास होऊ शकतो. विमानासाठी एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डायव्ह असतील तर १८ तास थांबायचं असं सांगतात. आपण विमानानं जात नाही पण घाट चढतो, आंबोली जवळपास ७०० मीटरवर आहे, आणि आपलं लातूरही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. पाच-सहा मीटरच्या एका ट्राय डायव्हला धोका फार कमी, तरी इन्स्ट्रक्टरला विचारून निघा. दोन-तीन दिवस खोल डायव्ह केल्या असतील तर मात्र एक रात्र अजून मालवणात काढा, दुसऱ्या दिवशी जेवून निघा. डायव्ह सकाळीच ठेवली तर हे सगळं आरामात बसतं.